हात बसला आणि काम थांबलं : शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांविषयी

७ फेब्रुवारी १९९२ रोजी 'शल्की' ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तिचं काम ५ जून १९८४ ला सुरू झालं होतं, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ ती गोदीत घडत होती. तिच्यामागून २८ मे १९९४ ला 'शंकुल' आली. आणि मग माझगावात पाणबुडी बांधणं थांबलं. पुढची पाणबुडी, 'कलवरी', नौदलाच्या हाती पडायला १४ डिसेंबर २०१७ उजाडावा लागला. मध्ये तेवीस वर्षं गेली. शिशुमार वर्गाची गोष्ट सांगताना बहुतेक जण तिच्या तोफखान्याबद्दल, म्हणजे टॉर्पेडोंबद्दल बोलतात, नाहीतर त्या व्यवहारातल्या दलालीबद्दल. मला पुस्तकाच्या या प्रस्तावनेत दोन्ही विषयांना हात घालायचाच आहे. पण माझं लक्ष त्या तेवीस वर्षांवर आहे.

या वर्गात पाणबुड्या चारच. पहिल्या दोन, 'शिशुमार' आणि 'शंकुश', जर्मनीत कील शहरातल्या हॉवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट या गोदीत बांधल्या गेल्या आणि १९८६ च्या सप्टेंबर-नोव्हेंबरात नौदलात आल्या. आपल्याकडे ही गोदी 'एचडीडब्ल्यू' या आद्याक्षरांनीच ओळखली गेली, गाजलीही. उरलेल्या दोन माझगावच्या. एवढ्या लहान वर्गासाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कोणाला वाटेल. मराठीत आरमाराचा विषय निघाला की आपण कान्होजी आंग्र्यांपाशी पोचतो आणि तिथेच रमतो. रमावं असाच तो इतिहास आहे. पण गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर, आपल्या शेजारपाजारच्या माणसांनी पाणबुडी बांधली, ही गोष्ट आपण एकमेकांना फारशी सांगितलेली नाही. ती सांगण्याजोगी आहे, आणि तपशिलात सांगण्याजोगी आहे.

सुरुवात मात्र जर्मनीपासून करावी लागते. उल्रिख गाब्लर हे दुसऱ्या महायुद्धात 'यू-५६४' या जर्मन पाणबुडीचे मुख्य अभियंता होते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांनी ल्यूबेक शहरात स्वतःची अभियांत्रिकी कचेरी थाटली. त्या काळात जर्मनीला पाणबुडी बाळगायचीच परवानगी नव्हती. पुढे ती मिळाली तीही आकारावर कडक मर्यादा घालून. बाल्टिक समुद्र उथळ आणि चिंचोळा, त्यामुळे लहान पाणबुडी तिथे सोयीचीच होती. लहान आकारात जास्तीत जास्त काय बसवता येईल, या एका प्रश्नावर गाब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं. त्यातून साठच्या दशकाच्या शेवटी 'टाइप २०९' हा आराखडा तयार झाला. तो परदेशी ग्राहकांसाठी होता. १९७१ मध्ये ग्रीसच्या नौदलात 'ग्लाव्कोस' दाखल झाली आणि मग तुर्कस्तान, पेरू, कोलंबिया, अर्जेंटिना, ब्राझील, चिली, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया अशी गिऱ्हाइकांची रांग लागली. साठाहून अधिक पाणबुड्या या कुळात जन्मल्या. खुद्द जर्मन नौदलाने त्यातली एकही घेतली नाही.

ज्या देशांना अणुपाणबुडी परवडणार नाही आणि महासत्तेच्या पाणबुड्यांचं ओझं पेलणार नाही, त्यांच्यासाठी हा आराखडा होता. १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईत अर्जेंटिनाची 'सान लुइस' ही याच कुळातली एकटी पाणबुडी ब्रिटिश ताफ्याच्या आसपास वावरत राहिली. तिचे टॉर्पेडो लागले नाहीत; यंत्रणेत दोष होते. पण ब्रिटिशांनी तिला शोधण्यासाठी पाण्यातल्या भलत्याच आवाजांवर दारूगोळा खर्ची घातला आणि ती सुखरूप बंदरात परतली. याच कुळातल्या पाणबुड्यांसाठी भारताचा करार तेव्हा होऊन गेलेला होता, ११ डिसेंबर १९८१ रोजी. आपल्या नौदलाला मिळालेली ही जणू उशिरा आलेली साक्ष होती.

भारताला हा धडा दुसऱ्याच्या लढाईतून शिकायची गरज मात्र नव्हती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या, आकाराने लहान डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले. त्या रात्रीनंतर अरबी समुद्रातल्या पाणबुडीचा विचार नौदलाने कधीही हलक्या मनाने केला नसणार. आपल्याकडे तेव्हा सोव्हिएत 'फॉक्सट्रॉट' जातीच्या पाणबुड्या होत्या. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ ला रिगा बंदरात दाखल झाली. तो दिवस नौदल अजून पाणबुडी दिन म्हणून पाळतं. फॉक्सट्रॉट दणकट होत्या, पण त्यांचा आराखडा पन्नासच्या दशकातला. ९१ मीटर लांब, तीन पंखे, पंचाहत्तरच्या आसपास माणसं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तानने फ्रान्सकडून दोन 'आगोस्ता' घेतल्या आणि इथल्या जुन्या पाणबुड्यांचं वय एकदम डोळ्यांत भरू लागलं.

त्याच वेळी सोव्हिएत संघाकडूनही नव्या 'किलो' जातीच्या पाणबुड्या घेण्याचं ठरलं. 'सिंधुघोष' ही त्यातली पहिली ३० एप्रिल १९८६ ला आली, 'शिशुमार'च्या आधी पाच महिने, आणि पुढे त्यांची संख्या दहावर गेली. दोन वेगळ्या घराण्यांच्या पाणबुड्या एकदम सांभाळायच्या म्हणजे सुटे भाग दोन, प्रशिक्षण दोन, सवयी दोन. यावर टीका झाली आहे. मला ती पूर्ण पटत नाही. किलो आपण तयार विकत घेतल्या. जर्मन पाणबुडीबरोबर ती बांधायची विद्या येणार होती, आणि कराराचा खरा जीव तिथे होता.

आता पाणबुडीकडे वळू. लांबी ६४.४ मीटर, रुंदी साडेसहा मीटर. पाण्याखाली गेल्यावर विस्थापन साधारण १,८५० टन. माणसं चाळीसच्या आसपास, त्यात आठ अधिकारी. पुढच्या टोकाला ५३३ मिलिमीटर व्यासाच्या आठ टॉर्पेडो नळ्या, आणि एकूण चौदा टॉर्पेडो बरोबर न्यायची सोय. चार डिझेल इंजिनं, पण पंखा एकच, आणि तो फिरवायचं काम फक्त विजेची मोटर करते. डिझेल इंजिनं नुसती वीज तयार करतात. फॉक्सट्रॉटचे तीन पंखे आणि हा एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा, यांतच दोन पिढ्यांमधलं अंतर आहे. पंखा जितका मोठा आणि संथ, तितका पाण्यात बुडबुड्यांचा आवाज कमी.

पाण्याखाली तिचा वेग २२ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. कागदावर हा आकडा देखणा दिसतो. पण वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते, आणि ही सगळी शक्ती बॅटरीतून यायची असते. पूर्ण वेगाने पळालं तर बॅटरी पाहता पाहता संपते. चार-पाच नॉटने सरपटत राहिलं तर दिवसच्या दिवस पुरते. पाणबुडीच्या कप्तानाच्या डोक्यात हा हिशेब चोवीस तास चालू असतो. शत्रूच्या जहाजामागे धावायचं की त्याच्या वाटेवर आधीच जाऊन बसायचं, याचं उत्तर बहुधा बॅटरीच देते. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचं सगळं युद्धशास्त्र म्हणजे योग्य जागी वेळेआधी पोचून गप्प बसणं, आणि त्याचं मूळ हे आहे.

बॅटरी भरायची तर डिझेल इंजिनं चालवावी लागतात, आणि इंजिनांना हवा लागते. मग पाणबुडी पेरिस्कोपइतक्या खोलीवर येते आणि स्नॉर्कलची नळी पाण्याबाहेर काढते. हा प्रकार नुसता वाचून कळत नाही. नळीच्या तोंडावर एक झडप असते. लाट आली की झडप आपोआप मिटते, नाहीतर पाणी आत शिरेल. पण इंजिनं तेवढ्यापुरती थांबत नाहीत. बाहेरची हवा बंद झाली की ती पाणबुडीच्या आतली हवा ओढायला लागतात. आतला दाब खाली जातो. कानांना दडे बसतात, दात ठणकतात, झोपलेल्यांना जाग येते. लाट सरते, झडप उघडते, हवा धाडकन आत येते आणि कान पुन्हा फुटल्यासारखे होतात. समुद्र खवळलेला असेल तर हे मिनिटा-दोन मिनिटांनी, तासन् तास. झडप फार वेळ मिटून राहिली तर इंजिनं बंद करावी लागतात आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा सुरू. जुलैतल्या अरबी समुद्रात बॅटरी भरणाऱ्या माणसांच्या कानांवर काय गुदरत असेल, याची कल्पना यावरून करावी. आणि हे सगळं होत असताना पाणबुडी सगळ्यात असुरक्षित असते: नळीचं तोंड रडारला दिसू शकतं, धुराची ऊब दिसू शकते, इंजिनांचा आवाज दूरवर जातो. म्हणून बॅटरी कधी भरायची, किती भरायची आणि केव्हा अर्ध्यावर सोडून खाली जायचं, हे निर्णय टॉर्पेडो सोडण्याइतकेच नाजूक.

बॅटरीचं आणखी एक दुखणं आहे. शिसं आणि आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते. बंद जागेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरे. त्यामुळे प्रत्येक सेलवर नजर, हवा खेळती ठेवणं, वायूचं प्रमाण मोजत राहणं. शिशुमार वर्गात असे पाचशेहून अधिक सेल आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर माणसांचा वावर. २६ फेब्रुवारी २०१४ ला 'सिंधुरत्न' या किलो जातीच्या पाणबुडीत मुंबईजवळ धुराने दोन अधिकारी दगावले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. जात वेगळी असली तरी पाणबुडीत चूक किती महाग पडते हे त्या दिवशी साऱ्या देशाला दिसलं.

बाल्टिकच्या काठी जन्मलेली पाणबुडी अरबी समुद्रात आणली की भौतिकशास्त्रही बदलतं. कीलच्या आसपासचं पाणी आपल्या समुद्राच्या निम्म्याइतकंच खारट. पाण्याची घनता बदलली की पाणबुडीचं तरंगणं बदलतं. १,८५० टनांच्या नौकेत एक टक्क्याचा फरक म्हणजे अठरा टन. तेवढं पाणी टाक्यांत घ्यावं किंवा सोडावं लागतं. अरबी समुद्रातून बंगालच्या उपसागरात गेलं की पुन्हा हिशेब, कारण मोठ्या नद्यांमुळे तो समुद्र कमी खारट. जाळलेल्या डिझेलच्या जागी समुद्राचं पाणी येतं, ते जास्त जड, त्याचाही हिशेब. वरच्या थरातलं पाणी अठ्ठावीस-तीस अंशांचं आणि खाली झपाट्याने थंड होत जाणारं. या थरांच्या सीमेवर आवाज वळतो, आणि तिच्या खाली उतरलेली पाणबुडी वरच्या जहाजाच्या सोनारला सहजासहजी सापडत नाही. आपला समुद्र पाणबुडीला लपायला चांगला आहे. राहायला नाही: उकाडा, दमट हवा, मोजून मिळणारं गोडं पाणी, कपड्यांत मुरलेला डिझेलचा वास.

या आराखड्यातला एक भाग मला सगळ्यात जास्त भावतो. पाणबुडीच्या मध्यावर एक आडवी मजबूत भिंत आहे आणि तिच्यात एक पोलादी गोल बसवलेला आहे. पाणबुडी तळाला गेली आणि वर येण्याची आशा संपली, तर सगळ्या चाळीस जणांनी या गोलात शिरायचं, झाकण लावायचं आणि गोल मोकळा करायचा. तो तरंगत पृष्ठभागावर येतो. आत आठ तास पुरेल इतका प्राणवायू असतो. पाणबुडी जितकी खोली सोसू शकते तितकी हा गोलही सोसतो. भिंतीच्या पुढे अडकलेले आणि मागे अडकलेले, दोघांनाही त्याच्यात शिरता येतं. एवढ्या काटकसरीने आखलेल्या नौकेत, जिथे एक कपाट बसवायचं म्हटलं तरी दहा वेळा विचार होतो, तिथे चाळीस माणसांना सामावणारी जागा निव्वळ जीव वाचवण्यासाठी राखून ठेवली आहे. ही कल्पना गाब्लर यांच्या कचेरीची. युद्धात पाणबुडीवर दिवस काढलेल्या माणसाच्या डोक्यातूनच ती यावी, यात नवल नाही. हा गोल वापरायची वेळ या चारपैकी एकाही पाणबुडीवर आलेली नाही.

आता माझगाव. इथे गोदी आहे अठराव्या शतकापासून. सरकारने ती १९६० मध्ये ताब्यात घेतली आणि १९७२ मध्ये 'निलगिरी' ही फ्रिगेट बांधून आपली ताकद दाखवली. पण पृष्ठभागावरची युद्धनौका आणि पाणबुडी दोन्ही पोलादाच्याच असल्या तरी काम एक नाही. २६० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर २६० टनांचा भार असतो. तो भार कवचात सगळीकडे सारखा वाटला जावा म्हणून ते गोल हवं, आणि गोल म्हणजे खरोखर गोल. व्यासात काही मिलिमीटरची तूट राहिली तरी त्या ठिकाणी कवच आत दबायची शक्यता वाढते. पाहणी करणारा साचा लावून, मोजून, पुन्हा मोजून पुढे जातो.

आणि मग वेल्डिंग. या जातीचं उच्च ताकदीचं पोलाद ओलीला फार घाबरतं. वेल्डिंगच्या रॉडवरच्या लेपात जरा दमटपणा राहिला तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर, कधी तासांनी तर कधी दोन दिवसांनी, आतून तडकतो. वरून काही दिसत नाही. म्हणून रॉड भट्टीत वाळवायचे, गरम डब्यातून एकेक काढायचे, ठरलेल्या वेळात वापरले नाहीत तर परत भट्टीत. जोडायचा पत्रा आधी तापवायचा, वेल्डिंग चालू असताना त्याचं तापमान ठरलेल्या पट्ट्यात राखायचं, नंतर सावकाश निवू द्यायचं. प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी तपासणी. दोष सापडला की तो भाग कोरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. मुंबईच्या जुलैत, जेव्हा आगपेटीतली काडीही पेटत नाही, तेव्हा तापलेल्या पत्र्याला खेटून, कवचाच्या आतल्या बाजूने, डोक्याच्या वर हात करून ही शिस्त पाळणारा वेल्डर डोळ्यांसमोर आणा. ही विद्या पुस्तकातून येत नाही. माझगावचे अभियंते आणि कामगार जर्मनीत जाऊन शिकून आले, जर्मन तज्ज्ञ इथे आले, आणि चुका करत, दुरुस्त करत हात बसत गेला.

एक योगायोग इथे नोंदवायला हवा. करारावर सही झाल्यावर सहा आठवड्यांत, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. लालबाग-परळची धुरांडी थंड पडत गेली आणि पिढ्यान् पिढ्या कापड विणणारे हात बेकार झाले. त्याच शहरात, त्याच वर्षांत, बाजूच्या माझगावला एक नवी आणि कमालीची अवघड कारागिरी रुजत होती. गिरणी कामगार तिथे लागले असा दावा मी करत नाही. दोन्ही कामं फार वेगळी. पण मुंबईचा औद्योगिक इतिहास सांगताना आपण जे गेलं त्याबद्दल हळहळतो, जे येत होतं त्याची दखल घेत नाही, हे मला खटकतं.

कारण ते येत होतं तेही पुढे अडवलं गेलं. १९८७ च्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीतल्या भारतीय राजदूतांकडून दिल्लीला तार आली. जादा पाणबुड्यांच्या किमतीची बोलणी चालू असताना त्या व्यवहारात सात टक्के दलाली गेल्याची माहिती तिच्यात होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड होतं. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ९ एप्रिलला चौकशीचा आदेश दिला आणि १२ एप्रिलला मंत्रिपद सोडलं. त्याच आठवड्यात स्वीडिश रेडिओवरून बोफोर्स तोफांच्या व्यवहारातल्या लाचेची बातमी आली आणि एचडीडब्ल्यू हे नाव तिच्याखाली दबून गेलं. १९९० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला, तपास वर्षानुवर्षं चालला, कोर्टात सिद्ध काही झालं नाही.

चौकशी व्हायलाच हवी होती. लोकांच्या पैशातून कोणी दलाली खाल्ली असेल तर त्याला शोधून काढणं हे सरकारचं कामच. पण दलालीची चौकशी आणि माझगावच्या गोदीतलं काम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्या वेगळ्या ठेवायची हिंमत एकाही सरकारने दाखवली नाही. माझगावात बांधायच्या पुढच्या दोन पाणबुड्या रद्दबातल झाल्या. जर्मन गोदीशी व्यवहार थांबला. दलाली कोणी घेतली ते ठरलं नाही. शिक्षा मात्र झाली, आणि ती ज्यांनी आयुष्यात दलाल पाहिलाही नसेल अशा फिटर-वेल्डरांना झाली. 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलाच्या स्वाधीन केली तेव्हा माझगावची पाणबुडी बांधणारी तुकडी आपल्या कामात सर्वांत तयार होती. नेमकी तेव्हाच तिच्यापुढे बांधायला काही उरलं नव्हतं.

ती माणसं गेली कुठे? काही 'दिल्ली' वर्गाच्या विनाशिकांवर गेली; ते कामही मोठं होतं. काही पाणबुड्यांच्या दुरुस्तीत राहिली. बाकीची वयाने निवृत्त झाली. हिशेब साधा आहे: १९८४ मध्ये पस्तिशीत असलेला, पाणबुडीच्या कवचावर तयार झालेला वेल्डर २००६ मध्ये सत्तावन्न वर्षांचा होतो. फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला ऑक्टोबर २००५ मध्ये आणि पोलाद कापायला सुरुवात झाली २००६ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्याने शिकवायचं तो निवृत्तीच्या दारात आणि ज्याने शिकायचं तो नवखा. आराखडाही दुसऱ्या देशाचा, पद्धती दुसऱ्या, परिभाषा दुसरी. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळेल अशी अपेक्षा होती, ती मिळाली २०१७ मध्ये. उशिराला कारणं पुष्कळ होती, खरेदीतली दिरंगाईही होती. पण पाटी पुसून पुन्हा गिरवायला लागणं हे त्यातलं मोठं कारण. गिरवल्यावर मात्र हात पुन्हा बसला. 'कलवरी'पासून 'वागशीर'पर्यंत सहा पाणबुड्या माझगावने बांधल्या. शेवटची १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. तिसरी, चौथी, पाचवी बांधताना गोदीत जो आत्मविश्वास येतो तो 'शंकुल'नंतर लगेच आला असता, तर आज आपण कुठे असतो, हा विचार मला सोडत नाही.

सेवेचा इतिहास सांगणं सगळ्यात कठीण. पाणबुडीने केलेलं चांगलं काम म्हणजे ती तिथे होती हे कोणालाही न कळणं. त्याची नोंद वर्तमानपत्रात येत नाही आणि नौदल सांगत नाही. जे उजेडात येतं ते बहुधा अपघाताच्या वेळी. ३० ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळच्या समुद्रात 'शंकुश'मध्ये बिघाड झाला. पावसाळी समुद्र खवळलेला, दुरुस्तीसाठी माणसं बाहेर पाठीवर आलेली. लाटांनी काही जण पाण्यात ओढले गेले. पाणबुडीचे उपप्रमुख लेफ्टनंट कमांडर फिरदौस मोगल यांनी त्यांना वर आणण्यासाठी जीव पणाला लावला. माणसं वाचली. मोगल यांच्या डोक्याला मार लागला आणि ते गेले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आलं. पाणबुडीची पाठ गोल आणि ओली असते, धरायला फारसं काही नसतं, आणि पृष्ठभागावर ती लाटांत ओंडक्यासारखी लोळते. तिची घडण पाण्याखालच्या शांततेसाठी झालेली असते. हे ध्यानात घेतलं तर मोगल यांनी काय केलं याचं मोल जास्त नीट कळतं.

चाळिशीकडे झुकलेल्या या पाणबुड्या टिकल्या कशा, हाही सेवेच्याच इतिहासाचा भाग. प्रत्येक बुडीत कवच किंचित आवळलं जातं आणि वर आल्यावर सैल होतं. हजारो वेळा असं झालं की पोलाद थकतं, आणि थकवा पहिल्यांदा सांध्यांत दिसतो. म्हणून आयुष्य वाढवायचं तर नुसती नवी यंत्रं बसवून भागत नाही. कवचाचा सांधा न् सांधा पुन्हा तपासून तो आणखी किती वर्षं तग धरेल याचा दाखला द्यावा लागतो. ३० जून २०२३ ला संरक्षण मंत्रालयाने 'शंकुश'च्या अशा मोठ्या दुरुस्तीसाठी माझगाव डॉकशी २,७२५ कोटी रुपयांचा करार केला. कीलला बांधलेली पाणबुडी माझगावच्या हातांत पुन्हा उलगडली गेली. तिच्या आत जाऊन चाळीस वर्षांपूर्वीचा जर्मन सांधा तपासणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला ज्याच्याकडून शिकता आलं असतं तो माणूस बहुधा निवृत्त होऊन कोकणात आहे. त्याला शोधून बोलतं करणं हे या विषयावर लिहिणाऱ्याचं पहिलं काम आहे, आणि ते आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.

वर्तुळ मात्र फिरून जवळपास त्याच ठिकाणी आलं आहे. नव्या पाणबुड्यांच्या योजनेसाठी माझगाव डॉक आणि एचडीडब्ल्यूची आजची वारस कंपनी थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स यांनी २०२३ मध्ये हातमिळवणी केली आणि २०२५ मध्ये त्यांच्याशी सरकारच्या वाटाघाटी सुरू झाल्या. या वेळी पाणबुड्या सहा असणार आहेत, सगळ्या इथेच बांधायच्या. बॅटरी भरायला वारंवार वर यावं लागू नये म्हणून हवेशिवाय चालणारी ऊर्जायंत्रणा त्यांच्यात असेल. किंमत किती, तंत्रज्ञान किती मिळणार, यावर चर्चा होईल आणि व्हावी. माझा प्रश्न सहाव्या पाणबुडीनंतरचा आहे: त्या वेळी गोदीत सातवीचं पोलाद कापलं जात असेल का?

आणि एक मागणी. फॉक्सट्रॉट जातीची 'कुरसुरा' विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२ पासून लोकांना पाहता येते. शाळेची मुलं तिच्या पोटातून वाकून चालत जातात. मुंबईने 'विक्रांत' ही विमानवाहू नौका काही वर्षं संग्रहालय म्हणून ठेवली आणि शेवटी २०१४ मध्ये भंगारात काढली. 'शल्की'चं तसं होऊ नये. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, तीही मुंबईत बांधलेली. तिची सेवा संपेल त्या दिवशी ती याच शहराच्या किनाऱ्यावर यायला हवी, आणि तिच्या कवचावरचा एक सांधा रंग खरवडून उघडा ठेवायला हवा, म्हणजे माझगावच्या वेल्डरची ओळ लोकांना बोट लावून पाहता येईल. जागा, निधी आणि ती ओढून किनाऱ्यावर चढवायची व्यवस्था यांना वर्षं लागतात. त्यामुळे नौदल, महापालिका आणि राज्य सरकार यांनी हे बोलणं ती सेवेत असतानाच सुरू करावं.